जुन्या बाजारातली मेसोपोटेमियाची पदकं: घेण्याआधी कड वाचा

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने-पकडी, बंद पडलेली घड्याळं, नाणी आणि पितळी भांडी यांच्या मधे एखाद्या ताडपत्रीवर लष्करी पदकंही दिसतात. हा अभिप्राय तेवढ्यापुरताच आहे, आणि त्यातही मुख्यतः पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेलेल्या शिपायांच्या पदकांपुरता. नोव्हेंबर 1914 मध्ये फाव आणि बसऱ्याला उतरली ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. कुट-अल-अमाराच्या वेढ्यात (7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916) तिन्ही अडकल्या आणि शेवटी अन्न संपून सगळी फौज तुर्कांच्या कैदेत गेली. त्यामुळे या पदकांची नीट पारख पुण्यात तरी व्हायला हवी.

ती होत नाही. इथे पदकं वजनावर किंवा चकाकीवर विकली जातात. 'राणीचं मेडल' म्हणून पुढे केलेल्या पदकावर पाचवा जॉर्ज असतो, आणि 'ब्रिटिश चांदी' म्हणून 1939-45 चं इंडिया सर्व्हिस मेडल हातात ठेवलं जातं. ते तांबं-निकेलचं आहे, चांदीचं नाही. विक्रेत्याकडून माहितीची अपेक्षा धरू नका, सगळा अभ्यास घरून करून जा.

सगळ्यात जास्त दिसतं ते ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार आणि 1914, 1918 ही सालं. व्यास 36 मिमी, चांदी 925 ची (हजारात 925 भाग शुद्ध), वजन सुमारे एक औंस, म्हणजे 30 ग्रॅमच्या थोडं वर. फीत ओवायची वरची दांडी सरळ आणि पक्की असते, फिरत नाही. फिरत असेल तर ती तुटून पुन्हा बसवलेली असण्याची शक्यता मोठी. फीत 32 मिमी रुंद: मधे नारिंगी, मग दोन्ही बाजूंना पांढरा, काळा आणि कडेला निळा. सोबतचं व्हिक्टरी मेडल ब्राँझचं असतं, त्यावर पंख असलेली विजयदेवता आणि इंद्रधनुषी फीत. ही फीत रुंद असते, सुमारे 38 मिमी. दोन्ही पदकांना एकाच रुंदीच्या फिती दिसल्या तर त्या नंतर कुणीतरी लावलेल्या आहेत. पदक मात्र तेवढ्यावरून खोटं ठरत नाही. 1915 संपण्याआधी मोहिमेवर पोहोचलेल्याला तिसरा, ब्राँझचा 1914-15 स्टार मिळे. त्यावर नाव मागच्या सपाट बाजूला असतं.

व्हिक्टरी मेडल एकटं कुणालाच दिलेलं नाही, ते नेहमी वॉर मेडलच्या जोडीनंच मिळे. बाजारात ते एकटं दिसलं की समजायचं, त्याची चांदीची जोडी बहुधा सराफाच्या मुशीत गेली. अशी एकटी ब्राँझ पदकं जुन्या बाजारात स्वस्तात सुटतात आणि बरेच जण ती सोडून देतात. हे बरोबर नाही, कारण त्यांच्याही कडेवर तोच नंबर आणि तेच नाव आहे.

पदकाची किंमत ठरते ती कडेवरून. नंबर, हुद्दा, नाव, पलटण या क्रमानं ठशांची अक्षरं तिथे उमटवलेली असतात. रस्त्यावरच्या उजेडात ती वाचता येत नाहीत. पातळ कागदाची 12 सेंमी लांब पट्टी कापून न्या (36 मिमी व्यासाची कड साधारण 113 मिमी भरते). पट्टी कडेवर ताणून धरा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा, झिजलेलं अक्षरही उठतं. दांडी जिथे बसते तिथला थोडा भाग सुटतो, तिथे टॉर्च अगदी तिरपा मारून बघा. 'सिपॉय' दिसलं की शिपाई. 111 महार्स दिसलं तर दोनदा वाचा: ही पलटण 1917 मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर लवकरच मोडली गेली, त्यामुळे तिची पदकं मुळातच थोडी.

खोटेपणाचे दोन प्रकार आहेत. पहिला, साच्यात ओतलेली नक्कल. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल व्हर्निअर कॅलिपरवर 36 ऐवजी थोडी कमी भरते, वजनात हलकी लागते, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि कडेवर कानस फिरवल्याच्या खुणा दिसतात. दुसरा प्रकार जास्त वाईट: खऱ्या पदकावरचं मूळ नाव घासून काढायचं आणि 'चांगल्या' पलटणीचं नाव टाकायचं. यासाठी व्यास एकाच ठिकाणी मोजून भागत नाही, चार दिशांनी मोजा. घासलेल्या जागी तो कमी येतो आणि कड मधे किंचित खोलगट लागते. नखानंही जाणवतं. कोरीव अक्षरं मात्र सरसकट खोटी ठरवू नका. 1900 च्या चीन मोहिमेची भारतीय सैनिकांना दिलेली पदकं वळणदार कोरीव अक्षरांतच सापडतात.

वॉर मेडल एकूण सुमारे 65 लाख निघाली. त्यांतली साधारण 1,10,000 ब्राँझची होती. ती मजूर, हमाल आणि बिनलढाऊ नोकरवर्गासाठी. तीच मोहीम, तेच ऊन, पण धातू हलका. विक्रेते याला 'डुप्लिकेट' म्हणून कोपऱ्यात टाकतात, कारण चांदी लागत नाही. ठशाचं नाव शाबूत असेल तर हे पदक डोळे मिटून घ्या. टायग्रिस नदीच्या काठानं फौजेला दाणापाणी पोहोचवणाऱ्या माणसांच्या नावांची साधनं फार थोडी उरली आहेत.

भावाचं साधं गणित: वजन गुणिले 0.925 गुणिले त्या दिवसाचा चांदीचा दर. त्याखाली विक्रेता येणार नाही, कारण तेवढं त्याला सराफ देतो. त्यावर किती द्यायचं ते कडेवर ठरवा. नाव घासलेलं असेल तर धातूच्या भावावर एक रुपयाही चढवू नका. विकत घेण्याआधी ते चकचकीत करून द्यायला मात्र ठाम नाही म्हणा. भांडी घासायची पावडर किंवा चिंच लावली की काळपटपणाबरोबर ठशाची धारही जाते. घरी आणल्यावर डिस्टिल्ड पाण्यानं पुसा, कोरडं करा, बस. हिरवट चिकट थर बहुतेक वेळा पीव्हीसीच्या पाकिटामुळे आलेला असतो. फीत काढून, हवेशीर जागी, कापसावर अॅसिटोन घेऊन तो निघतो. पुण्याच्या पावसाळ्यात पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

घासलेल्या नावाबद्दल एवढं कडक का, तर बसरा स्मारकामुळे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या 40,000 हून जास्त जणांसाठी ते स्मारक आहे, पण भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं त्याच्या पाट्यांवर कोरली गेली. शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या एखाद्या शिपायाचं नाव धातूवर उमटलेली जागा ही पदकाची कडच असू शकते.

नाव मिळाल्यावर शोध घ्यायचा तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरचा शोध फुकट आहे, पण तिथे फक्त मृतांची नोंद असते. जो परत आला तो सापडणार नाही. आडनावावर अडून बसू नका. इंग्रज कारकुनानं कानाला लागेल तसं लिहिलंय, जाधवचं 'जाधाव', 'जाधो' काहीही होतं. पलटण आणि नंबर टाकून शोधा. नंबर त्या काळी पलटणीपुरता असे, त्यामुळे एकच नंबर 110 मध्येही सापडतो आणि 117 मध्येही. 1922 नंतर या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेल्या, म्हणून नंतरच्या कागदांत जुनं नाव दिसणार नाही.

एक जोड सापडली की त्याच शिपायाची बाकीची पदकं आसपासच असण्याची शक्यता असते, कारण एका घरचा ऐवज दोन-तीन विक्रेत्यांत वाटला जातो. नंबर कागदावर लिहून शेजारच्या ताडपत्र्यांवर त्याच दिवशी विचारा, पुढच्या बुधवारपर्यंत चांदी वितळलेली असते. परदेशातल्या नातेवाइकाला पाठवायचा विचार असेल तर मात्र थांबा. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्यात बसते की नाही याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, तो आधी घ्या.