मोत माउलीच्या पायथ्याचे मेणाचे स्टॉल: गुडघा मागाल तर आख्खा पाय घ्यावा लागतो

बांद्र्याच्या मोत माउलीला (माऊंट मेरी हो, आमच्याकडे वसईला जुनी माणसं अजून मोत माउलीच म्हणतात) जाणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू, खास करून घरात कोणी आजारी असेल तर.

मम्मीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं होतं, त्याआधी तिला माउलीला मेणाचा पाय वाहायचाच होता (जे दुखतं किंवा हवं असतं त्याचा मेणाचा आकार इथे नवसाला वाहतात). सप्टेंबरच्या जत्रेला आम्ही मुद्दाम गेलो नाही. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर तिथे एवढी गर्दी असते की धडधाकट माणसाचेही गुडघे जातील. नोव्हेंबरात मधल्या वारी गेलो, विरार लोकलने बांद्रा आणि तिथून रिक्षा थेट चर्चच्या दारात. स्टॉल बाराही महिने असतात, जत्रेलाच जायला पाहिजे असं काही नाही.

आता माल. हात, पाय, डोकं, हृदय, तान्हं बाळ, घर, विमानसुद्धा (व्हिसावाल्यांसाठी), सगळं मेणाचं. पाय वीतभर, पिवळट पांढरा, बोटांवर नखं कोरलेली पण करंगळी अर्धवट, साचा जुना असावा. मम्मीने गुडघा मागितला तर स्टॉलवाला म्हणाला सुटा गुडघा येत नाही, पाय घ्या, त्यात गुडघा आलाच. मग हिने दोन पाय उलटसुलट करून अंगठा कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, कारण पहिला दिलेला डावा होता. तो म्हणतो, "आंटी, देवाला कळतं." ही म्हणते, "देवाला कळतं रे, पण मला नको कळायला?" शेवटी मागच्या खोक्यातून उजवा काढून दिला, न कुरकुरता, त्याचे फुल मार्क. 100 रुपये घेतले, सोबत दोन मेणबत्त्या, भाव केला नाही. नवसाच्या वस्तूचा भाव करायचा नसतो म्हणे, हे त्यांना चांगलंच माहीत आहे.

एक तक्रार पॅकिंगची. पातळ पिशवीत देतात, उन्हात रिक्षाची वाट बघताना मेण मऊ पडतं. त्यामुळे घरी नेण्यासाठी घेऊ नका, घेतलं की लगेच वर जाऊन वाहून टाका.

आत गेल्यावर मम्मी माउलीच्या मूर्तीकडे बराच वेळ बघत बसली. 1700 च्या सुमाराला अरब चाच्यांनी सोन्याच्या लोभाने या मूर्तीचा उजवा हात तोडला होता अशी कथा सांगतात. मम्मीचं म्हणणं, जिचा स्वतःचा हात तुटला तिला हातापायाचं दुखणं सांगावं लागत नाही. आताचं चर्च 1904 चं आहे, आत शांत वाटतं, आमच्या बाजूच्या बाकावर एक गुजराती जोडपं मेणाचं बाळ वाहायला आलेलं होतं, त्यांना कोणी काही विचारलं नाही, इथे विचारतही नाहीत.

आता कोणी म्हणेल मेणाच्या पायाने गुडघा बरा होतो का. नाही होत, ऑपरेशनच करावं लागलं. पण वर्षभर ही "मला काही नाही, वयाचं आहे" म्हणत होती आणि त्या स्टॉलवर पहिल्यांदा तिने तोंडाने सांगितलं की उजवा, इथे, आतल्या बाजूला दुखतं. डॉक्टरलासुद्धा एवढं नीट सांगितलं नव्हतं. माझ्या दृष्टीने 100 रुपये तिथेच वसूल.

हे लिहितोय कारण त्याआधी एका प्रार्थनासभेत तिला कोणीतरी सांगितलं की विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, आणि हिने बीपीची गोळी चार दिवस बंद केली, चक्कर येऊन पडली. अरे, बायबलमधलं शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, आणि प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलंय, नुसती प्रार्थना कर असं नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आमचे फादर घरी येऊन कपाळाला आणि तळहातांना तेल लावून गेले, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं. त्यावरून शेजारच्या आजी रडायलाच लागल्या, त्यांना वाटलं संपलं सगळं! हा संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही, आजाऱ्यांसाठी आहे, 1972 मध्ये पोपनी विधी बदलून तसं स्पष्ट केलं, तरी लोकांच्या डोक्यातून "शेवटचं तेल" जात नाही. फादरांनी जाताना गोळ्यांचा डबापण तपासला, हे मला फार आवडलं.

रेटिंग पाचपैकी चार, एक कापला तो पिशवी आणि करंगळीसाठी. टीप: डावा-उजवा स्वतः बघून घ्या, सुटे पैसे न्या. मम्मी आता काठीशिवाय चालते, मागच्या आठवड्यात परत गेलो आभार मानायला. शेजारच्या काकूंनी थायरॉईडसाठी काहीतरी आणायला सांगितलं होतं, स्टॉलवाल्याला विचारलं तर म्हणे गळा सुटा येत नाही, डोकं घ्या, त्यात गळा आलाच.