पोस्टग्रेस रोल: हक्क आपोआप मिळावेत की मागून घ्यावेत?

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये वापरकर्ता असो वा हक्कांचा गट, दोन्हींना 'रोल' म्हणतात. एका रोलला दुसऱ्याचं सभासदत्व दिलं की ठरवायचं एवढंच उरतं: इनहेरिट, म्हणजे हक्कांचा वारसा, चालू ठेवायचं की बंद. चालू असेल तर पालक रोलचे (ज्याचं सभासदत्व दिलं त्याचे) हक्क लॉगिन होताच हाती येतात. बंद असेल तर आधी 'सेट रोल' ही तो रोल धारण करण्याची कमांड चालवावी लागते.

वाचनापुरत्या रोलसाठी इनहेरिट चालूच ठेवा. रिपोर्टचं टूल सहसा स्वतःहून 'सेट रोल' चालवत नाही, मग सभासदत्व असूनही 'परमिशन डिनाइड' येतं. अशा सभासदत्वाला 'सेट फॉल्स'ही लावता येतं. हक्क मिळतात, पण तो रोल धारण करता येत नाही.

खरी काळजी हवी ती टेबलांच्या मालक रोलची. मालकी हक्कही वारशाने येतात, त्यामुळे चुकीच्या विंडोत टाकलेलं 'ड्रॉप टेबल' (टेबल काढून टाकण्याची कमांड) निमूट चालतं. शिवाय इनहेरिटवर विसंबून बनवलेलं नवं टेबल लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या नावावर जातं आणि बाकी टीमला त्याची रचना बदलता (ऑल्टर करता) येत नाही. 'सेट रोल' करून बनवलं तर मालकी सामायिक रोलकडे राहते. म्हणून इथे आमची निवड ठाम आहे: 'इनहेरिट फॉल्स, सेट ट्रू'. फक्त ट्रान्झॅक्शन पूलिंग असेल, म्हणजे एकच कनेक्शन व्यवहारागणिक वेगवेगळ्या क्लायंटना मिळत असेल, तर त्या व्यवहारापुरतंच टिकणारं 'सेट लोकल रोल' वापरा, नाहीतर तो रोल पुढच्या क्लायंटच्या वाट्याला जाऊ शकतो.

अशी वेगवेगळी निवड 2023 च्या 16 आवृत्तीपासूनच जमते. 15 पर्यंत इनहेरिट हा सभासद रोलचाच गुण होता. बंद केलं की सगळ्याच सभासदत्वांसाठी बंद. जुन्या आवृत्तीवर असाल तर मालकीच्या कामासाठी वेगळं नोइनहेरिट (इनहेरिट बंद असलेलं) लॉगिन काढणं बरं.

अपग्रेडनंतर हमखास फसगत होते ती इथे. 16 मध्ये 'ऑल्टर रोल नोइनहेरिट' फक्त पुढच्या ग्रँटचा (सभासदत्व देण्याच्या नोंदीचा) डीफॉल्ट बदलतं, आधीच्या ग्रँट तशाच राहतात. त्या बदलायच्या तर तीच ग्रँट 'विथ इनहेरिट फॉल्स' लावून पुन्हा द्यावी लागते. तेच सभासदत्व दुसऱ्या कोणी इनहेरिटसह दिलेलं असेल तर हक्क तरीही सुरूच राहतात. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन टूलमधली बॅकस्लॅश डीआरजी ही कमांड प्रत्येक ग्रँट देणाऱ्याच्या नावासह दाखवते, ती आधी बघा.

सुपरयूजर (सर्वाधिकार), क्रिएटडीबी (डेटाबेस बनवणं), क्रिएटरोल (रोल बनवणं) हे गुण मात्र कुठल्याच पर्यायात वारशाने येत नाहीत. त्यांच्यासाठी 'सेट रोल'च हवं.