विक्टोरिया पोलीस, कोठडीतली गोपनीयता: पाचपैकी एक तारा

मी मेलबर्नमध्ये फार्मसीत काम करते. ओळखीच्या माणसाची औषधांची नोंद उगाच उघडून बघितली तर माझी नोकरी जाईल. तोच निकष पोलिसांना लावते आहे.

मे २०२० मध्ये मेलबर्नच्या सेंट किल्डा भागात डॅनी लेडलीला अटक झाली. १९९६ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये नॉर्थ मेलबर्न क्लबच्या विजेत्या संघात खेळलेली, पुढे त्याच संघाची प्रशिक्षक. पाठलागाचा गुन्हा तिने कोर्टात कबूल केला, त्यामुळे अटकेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ती ट्रान्स आहे हे तोवर जगाला माहीत नव्हतं. चौकशीच्या खोलीत विग आणि ड्रेस घालून ती बसली होती, तेव्हाच तिचा फोटो काढला गेला. तो आणि कोठडीतला अधिकृत फोटो, दोन्ही पोलिसांच्याच हातून व्हॉट्सॲपवर फिरले आणि थेट बातम्यांत झळकले. संताप येतो!

वरिष्ठांनी जाहीर माफी मागितली, काही पोलिसांवर कारवाईही झाली. त्याचा एक तारा. चार कापले, कारण आपण कोण आहोत हे कधी आणि कुणाला सांगायचं, हा तिचा हक्क होता. तो ड्युटीवरच्या माणसांनी हिसकावून घेतला.