साच्याची हँडलं: एकच जोडी फिरवायची की प्रत्येक साच्याला आपली?

अमेरिकेत बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या घरी ओतणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. भारतात शस्त्र कायदा, 1959 नुसार परवान्याशिवाय हे करता येत नाही, त्यामुळे तिकडच्या वाचकांना याचा उपयोग नाही.

पहिला साचा बहुधा ली कंपनीचा दोन पोकळ्यांचा, म्हणजे एका वेळी दोन गोळ्या ओतणारा, असतो. तो हँडलांसकटच (साचा धरायच्या, सांडशीसारख्या जोडीसकट) येतो, म्हणून काही ठरवावं लागत नाही. पुढे आरसीबीएस किंवा लायमन या कंपन्यांचे लोखंडी साचे घ्यायला लागलो की हातात नुसते ब्लॉक, म्हणजे साच्याचे दोन अर्धे भाग, येतात. तेव्हा एकच चांगली जोडी घेऊन ती सगळ्या साच्यांवर फिरवायची, की प्रत्येक साच्याला कायमची वेगळी जोडी बसवायची, हे ठरवावं लागतं. मी दोन्ही करून पाहिलंय.

एका जोडीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. हँडलं स्वस्त नसतात, त्या पैशांत शिसं-कथील येतं. दोन पोकळ्यांच्या साच्यांत एका कंपनीची हँडलं दुसरीच्या ब्लॉकवर बरेचदा चढतात, फार तर थोडी कानस मारावी लागते. लायमनच्या चार पोकळ्यांच्या साच्याला मात्र त्याची मोठी हँडलंच लागतात. लीच्या सहा पोकळ्यांच्या साच्याचं गणितही वेगळं: तिसऱ्या दांड्याने स्प्रू प्लेट (साच्यावरची, जास्तीचं शिसं कापणारी पट्टी) फिरते, हातोडी मारावी लागत नाही. ही दोन्ही या अदलाबदलीत धरूच नका.

माझं मत फिरलं ते एकाच त्रासामुळे. हँडलाचा जबडा, म्हणजे ब्लॉक धरणारं टोक, ब्लॉकच्या खाचेत घट्ट बसायला नको, थोडा हलला पाहिजे. ब्लॉक एकमेकांवर बरोबर बसवतात ते अलाइनमेंट पिना, हँडलं नव्हे. जबडा आवळून बसला तर हात जरा तिरका झाला तरी ब्लॉक तिरके मिटतात आणि गोळीच्या कडेला शिशाचा पातळ पापुद्रा येतो. आता हा प्ले, म्हणजे हलायला ठेवलेली ढील, एका साच्यावर नीट जमवावा, तर दुसऱ्याची खाच केसभर रुंद निघते. पहिल्यावर नेमकी चालणारी जोडी तिथे लडबडते. दुसऱ्यासाठी ठीक ठेवली तर पहिल्यावर आवळते. शिवाय बदल करायचा म्हणजे साचा गार होऊ द्यायचा, ॲलन कीने (षटकोनी चावीने) स्क्रू काढायचे, पुन्हा बसवायचे, पुन्हा साचा तापवायचा. भट्टीत शिसं तयार असताना ही थांबाथांब मला सोसत नाही. तासाभराच्या ओतकामात हाताला जी लय लागलेली असते, ती गेली की पुढच्या गोळ्या सुरकुतलेल्या येतात.

वेगळी जोडी घेतली तरी पहिल्यांदा ती बसवावी लागतेच. मार्करने जबड्याच्या दोन्ही बाजू काळ्या करा, खाचेत घालून दोनचार वेळा हलवा आणि बाहेर काढा. जिथे शाई पुसली तिथेच घासा. घासायचं ते हँडल, ब्लॉक कधीही नाही. हँडल बिघडलं तर दुसरं मिळतं, साचा गेला की गेला. भोक जुळत नसेल तर हँडलाचंच भोक किंचित मोठं करा. मग साचा अलगद मिटून उजेडाकडे धरा. दोन ब्लॉकांमध्ये फट दिसली नाही आणि प्रत्येक ब्लॉक जबड्यात जरा डुगडुगत असेल, तर काम झालं. कानशीचा कीस मात्र पुसून घ्या. एक कण मध्ये अडकला तरी ब्लॉक पुरते मिटत नाहीत.

स्क्रूला तेल घालताना फार जपा. पोकळीत तेलाचा अंश गेला की चांगल्या गोळ्या पडायला बराच वेळ लागतो. लाकडी मुठी उष्णतेने आकसतात आणि ओतताना हातातच सुटून येऊ शकतात. माझ्या एका जोडीची मूठ अशीच ढिली झाली. आरपार भोक पाडून पिन घातल्यापासून ती हललेली नाही. एकच जोडी सगळ्या साच्यांवर राबली तर मुठी अर्थातच लवकर खिळखिळ्या होतात.

तुमच्याकडे दोनच साचे असतील आणि ओतकाम महिन्यातून एखाद्या वेळी होत असेल, तर एक जोडी पुरेल, त्यात काही वावगं नाही. साचा तीनच्या वर गेला, किंवा एकाच बैठकीत दोन वेगळ्या गोळ्या ओतायच्या असल्या, तर मी वेगळी जोडीच घ्या म्हणेन. सगळ्या एकदम घ्यायची गरज नाही. ज्या साच्यावर हात सर्वात जास्त जातो, त्याला आधी कायमची जोडी द्या. उरलेले फिरत्या जोडीवर चालवा, आणि जो वारंवार आवळतो किंवा लडबडतो त्याचा नंबर पुढे घ्या.