जुनं पेय नवीन देशात न्यायचा प्लॅन करून देणारी सर्व्हिस: माझा रिव्ह्यू

आमचं फळांच्या रसाचं हलका गॅस असलेलं पेय आधीच्या मार्केटमध्ये व्यवस्थित चालतंय, ते दुसऱ्या देशात न्यायचं ठरल्यावर लाँचचा पूर्ण प्रोजेक्ट प्लॅन करून देणारी एक छोटी कन्सल्टन्सी घेतली. आता माल तिकडे शेल्फवर लागलाय म्हणून लिहितेय. पुढे तक्रारी पण आहेत त्यामुळे नाव देत नाही, पण अशी सर्व्हिस घ्यायचा विचार असेल तर हे वाचून काय विचारायचं ते नक्की कळेल.

पैसे वसूल झाले, आधी तेच सांगते. आम्ही पहिल्या मीटिंगला जाहिरात, पॅकचं डिझाईन, लाँच इव्हेंट असं सगळं घेऊन गेलो होतो आणि त्यांनी ते बाजूला ठेवून फॉर्म्युल्याची शीट मागितली. मग एकेक घटक घेऊन बसले, हा तिकडे चालतो का, किती प्रमाणात चालतो, लेबलवर कसा लिहायचा. आपल्याला वाटतं पेय तर तयारच आहे, फक्त विकायचंय, पण तसं नसतं ना. युरोपियन युनियनमध्ये लिटरला 150 मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन असलेल्या पेयावर इशारा छापावाच लागतो (चहा-कॉफीची पेयं सोडून). ब्रिटनमध्ये एप्रिल 2018 पासून साखरेच्या पेयांवर लेव्ही (एक प्रकारचा कर) आली, 100 मिलीला 5 ग्रॅमपासून एक दर आणि 8 ग्रॅमपासून वरचा दर, आणि ती लागू व्हायच्या आधीच कितीतरी कंपन्यांनी रेसिपीतली साखर कमी केली. म्हणजे साखर किती ठेवायची हा चवीचा आणि मार्जिनचा दोन्हीचा प्रश्न झाला, आणि तो सुटल्याशिवाय लेबल फायनल होत नाही, लेबल नाही तर प्रिंटिंग नाही. ही साखळी त्यांनी चार्टवर इतकी स्वच्छ मांडली होती की कुठलं काम अडलं तर लाँच किती पुढे जाईल ते आमच्या अकाउंट्सवाल्यांना सुद्धा बघताक्षणी कळायचं.

शेल्फ लाइफचा भाग तर मला सगळ्यात जास्त आवडला. आमच्या पेयाची मुदत 9 महिने. तिकडच्या रिटेलरची अट अशी की माल हातात येईल तेव्हा दोन तृतीयांश मुदत शिल्लक पाहिजे, म्हणजे 6 महिने. राहिले 3 महिने, त्यात बॉटलिंग, टेस्ट रिपोर्ट येईपर्यंत थांबणं, समुद्राचा प्रवास, कस्टम्स, गोडाऊन सगळं बसवायचं! त्यांनी हे उलटं मोजून दाखवलं आणि बंदरावर एक कंटेनर अडकला तर काय होईल ते पण दाखवलं. शिवाय बाटल्या गरम खोलीत ठेवून टेस्ट करायला लावल्या, कारण उन्हात उभ्या कंटेनरच्या आत तापमान खूप चढतं. काही आठवड्यांनी बाटली उघडली तर रंग चक्क तपकिरीकडे झुकलेला, तळाला गाळ, आणि छोट्या प्लॅस्टिक बाटलीतला गॅस मोठीपेक्षा लवकर उतरलेला (छोट्या बाटलीत आतल्या पेयाच्या मानाने प्लॅस्टिकचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे गॅस जास्त निसटतो). त्यावरून छोट्या साइजसाठी कॅन घ्यायचं ठरलं. हे लाँचनंतर कळलं असतं तर पहिलीच खेप परत आली असती.

तिकडेच बॉटलिंग करायचा पर्याय पण त्यांनी तपासला आणि पाण्याची वेगळी टेस्ट लावली, पाण्यात अल्कलिनिटी (क्षारता) जास्त असेल तर पेयातला आंबटपणा मारला जातो. पाण्याला हलकं घेऊ नये हे खरंच आहे. 2004 मध्ये कोका-कोलाने डसानी हे बाटलीबंद पाणी ब्रिटनमध्ये आणलं तेव्हा त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलं होतं, त्यातल्या ब्रोमाइडचं पाणी शुद्ध करायच्या ओझोनच्या प्रक्रियेत ब्रोमेट हे घातक रसायन झालं, प्रमाण मर्यादेच्या वर गेलं आणि लाँचनंतर काही आठवड्यांतच सगळा माल मागे घ्यावा लागला, फ्रान्स-जर्मनीचे बेत पण बारगळले. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं तर आमच्यासारख्यांनी किती जपायला पाहिजे!

चव बदलायची का यावर पण बरीच चर्चा झाली. रेड बुलचं उदाहरण माझ्या डोक्यात होतंच, थायलंडचं क्रेटिंग डेंग हे एनर्जी ड्रिंक 1987 मध्ये रेड बुल नावाने ऑस्ट्रियात आणलं तेव्हा त्यात गॅस घातला आणि पॅक पण वेगळा केला. आमच्या टेस्टिंगमध्ये लोकांना गोडी जास्त वाटली, ती कमी केली, बाकी चव तशीच ठेवली. त्यांचा सल्ला योग्य होता.

आता तक्रारी. डिस्ट्रिब्यूटरचा भाग फारच पातळ. नुसती नावांची यादी दिली, कोणाकडे थंड ठेवायची सोय आहे, कोण आपल्यासारखंच दुसरं पेय विकतो, करार मोडायचा झाला तर काय, यातलं काहीच नाही. पेयाच्या धंद्यात हा विषय असा उरकून कसा चालेल? ओट्सवाल्या क्वेकर कंपनीने 1994 मध्ये स्नॅपल हा चहा-ज्यूसच्या पेयांचा ब्रँड 1.7 अब्ज डॉलरला घेतला आणि 1997 मध्ये 30 कोटी डॉलरला विकला, त्यात डिस्ट्रिब्यूटरांशी न जमणं हे एक मोठं कारण होतं. आम्हाला हे काम स्वतः फिरून करावं लागलं.

दुसरं म्हणजे प्लॅन लाँचच्या दिवशीच संपतो. पुढच्या ऑर्डरचा अंदाज, दुकानात माल संपला तर कोण बघणार, ऑफर किती दिवस चालवायची, सगळं कोरं. आणि मध्येच आमचं काम बघणारा माणूस बदलला, नवीन आलेल्याला सगळं पहिल्यापासून समजावत बसलो, त्याचं बिल पण आम्हालाच लागलं, ते मला अजिबात पटलं नाही.

तरी नियम, टेस्टिंग आणि वेळापत्रक यासाठी मी ह्यांना परत घेईन. विक्रीची बाजू मात्र तिथल्या मार्केटमध्ये काम केलेल्या माणसाकडे वेगळी द्या आणि लाँचनंतरचे निदान 6 महिने करारात आधीच लिहून घ्या. पाचपैकी साडेतीन स्टार.