सबवूफर बॉक्सच्या नावाखाली 38,500 रुपयांना गंडा: कार्पेट चढण्याआधी बॉक्स बघा

38,500 रुपये. बॉक्सचे 14,500, अ‍ॅम्पचे (सबला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) 16,000, वायरिंग किटचे 4,800 आणि फिटिंगचे 3,200. सब, म्हणजे सबवूफर, गाडीत खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर, माझा स्वतःचा होता, 12 इंची. त्याची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) या प्रकरणात जळाली, ती नव्याने बसवायचे 4,600 वेगळे. आकडे मुद्दाम सुटे करून देतोय, कारण हे कार ऑडिओचं दुकान अजून चालू आहे आणि तिथे रोज कुणाची ना कुणाची गाडी डिकी उघडून उभी असते.

डेमो गाडी, आरसा थरथरतानाचे व्हिडिओ, "आपल्याकडे सगळं कॅल्क्युलेशनवर चालतं" ही भाषा, यावर वेगळं सांगायला नको. हा साचा सगळ्यांना ठाऊक आहे. पण यात फक्त अनभिज्ञ गिऱ्हाईकच अडकतं, असं समजून कुणी निर्धास्त राहू नये. मी कोऱ्या हाताने गेलो नव्हतो. सबच्या कंपनीने दिलेले आकडे घेऊन, बॉक्सचं स्वतः काढलेलं डिझाइन घेऊन गेलो होतो. बाहेरून 74 बाय 40 बाय 36 सेंटिमीटर, 18 मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली घट्ट फळी). आतून साधारण 83 लिटर भरतात. त्यातून पोर्ट (आतली हवा बाहेर खेळवणारा बोगदा) आणि त्याची भिंत मिळून 19, सबचा मागचा भाग 3, पुढची दुहेरी फळी आणि आतले टेकू 5 वजा केले की निव्वळ 56 लिटर उरतात. पोर्टचं तोंड 180 चौरस सेंटिमीटर, लांबी 78 सेंटिमीटर, मागच्या भिंतीपाशी काटकोनात वळलेला. याचं ट्यूनिंग, म्हणजे पोर्टची हवा ज्या सुराला सगळ्यात जोरात घुमते तो आकडा, 33 हर्ट्झच्या आसपास येतं. ड्रॉइंगचा फोटो मी दुकानदाराला मोबाईलवर पाठवला. त्याचं उत्तर आलं, "ओके दादा, सेम टू सेम बनवतो." तो मेसेज अजून माझ्याकडे आहे आणि पुढे जे काही थोडंफार हलतंय ते त्याच एका मेसेजच्या जोरावर.

20,000 आगाऊ मागितले, ऑनलाइन. खात्यावर नाव दुसऱ्याच माणसाचं. विचारलं तर म्हणाला, "भावाचं खातं आहे दादा, दुकानाच्या खात्याची लिमिट संपली." उरलेले 18,500 रोख, गाडी ताब्यात देताना. पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के वरून. इथेच सांगून ठेवतो: ज्या दुकानाचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, तिथे पैसे पाठवायचेच नाहीत. आणि ते 18 टक्के वाचवायला जाऊ नका. बिल नसल्याची किंमत मी पुढे प्रत्येक खिडकीवर मोजली.

आता तो क्षण. हा मला आजही झोपू देत नाही.

दुकानात काम करणारा पोरगा मागच्या खोलीतून बॉक्स घेऊन आला, तो एका खांद्यावर. एक हात बॉक्सला, दुसरा मोकळा, त्याच हाताने त्याने माझ्या गाडीची डिकी उघडली. या मापाचा 18 मिलिमीटर एमडीएफचा बॉक्स, दुहेरी फळी आणि लांब पोर्टसकट, सब न बसवताही 24-25 किलोच्या घरात जायला हवा. हा हिशेब मी घरी केलेला होता, वही गाडीतच होती. मी स्वतः बॉक्स उचलून पाहिला. 12 किलो असेल नसेल. मी लगेच विचारलं, इतका हलका कसा? गप्प बसलो नाही. दुकानदार एका क्षणाचाही वेळ न घेता म्हणाला, "बर्च प्लाय टाकलंय दादा. एमडीएफपेक्षा हलकं, मजबूत, महाग. तुमचं डिझाइन बघून मलाच वाटलं की चांगलं मटेरियल द्यावं. भाव तोच."

हे उत्तर इतकं लागू का पडलं, तेही सांगतो. त्यात अर्धं खरं आहे. चांगलं प्लाय एमडीएफपेक्षा हलकं असतंच, आणि बॉक्ससाठी उत्तमही असतं. पण फरक थोडा असतो. प्लाय वापरल्याने वजन निम्म्यावर येत नाही. कार्पेट चारही बाजूंनी चिकटवलेलं होतं, टर्मिनल बसवलेलं होतं, सब आत कसून बसवलेला होता. एक कोपरा उचकटून दाखव म्हटलं, तर म्हणे कार्पेट काढलं की वॉरंटी गेली. माझ्या जागी दुसरा कुणीही असता तरी याच्यापुढे काय करणार होता? समोर उभा असलेला माणूस धडधडीत खोटं बोलत असेल असं गृहीत धरून कुणी दुकानात जात नाही.

मग त्याने डेमो दिला. काचा बंद, आवाज वर, मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये आकडा 138 डेसिबल. छाती हादरली हे खरं आहे, नाकारत नाही. पण ती तीन गाणी त्याने निवडलेली होती. त्या तिन्हींचा बेस 45 ते 55 हर्ट्झच्या पट्ट्यात ठोकणारा. चुकीचा, मोठा आणि वर ट्यून झालेला बॉक्स नेमका तिथेच उसळतो, आणि बंद गाडीची पोकळी वरून भर घालते. खाली 35 ला काय होतं, ते त्या गाण्यांत ऐकूच येत नाही. मोबाईलचा माइक एवढ्या आवाजाला आधीच कोंडतो, त्या 138 ला काडीची किंमत नाही. डेमोला स्वतःची गाणी न्या. त्याहून चांगलं म्हणजे 25 ते 60 हर्ट्झचे सुटे टोन मोबाईलमध्ये ठेवा आणि एकेक वाजवायला लावा.

घरी आल्यावर काही दिवसांतच खोल बेसच्या गाण्यांना सबचा कोन (आवाज काढणारा पडदा) बेफाम पुढेमागे व्हायला लागला. मी सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ठरावीक आकड्याखालचा आवाज सबपर्यंत जाऊ न देणारी सोय, 28 हर्ट्झला लावलेला होता. 33 च्या ट्यूनिंगला तो अगदी बरोबर आहे. मग एकदा खरखर आली, पाठोपाठ जळका वास, आणि सब मुका झाला.

सब काढून आत हात घातला. पोर्टची भिंत कोपरापर्यंत हात जाण्याआधीच संपली. मोजपट्टी लावली: 25 सेंटिमीटर. 78 च्या जागी 25, वळण नाहीच. टेकू एकही नाही. पुढची फळी एकेरी. कार्पेट फाडलं तर खाली 12 मिलिमीटरचा पार्टिकल बोर्ड, भुसा दाबून केलेला. स्क्रूच्या भोवती बोट फिरवलं की भुसा हातात येत होता. मागच्या कोपऱ्यात बाहेरून टॉर्च धरली तर आत उजेडाची रेघ दिसली. तिथे गोंदाचा थेंबही नव्हता. "बर्च प्लाय" म्हणे.

सब का जळाला ते समजून घ्या, कारण दुकानदार हेच उलटं फिरवतो आणि म्हणतो "तुम्ही गेन (अ‍ॅम्पची पातळी) जास्त लावला." पातळ फळ्या, टेकू नाहीत, पोर्ट आखूड, म्हणजे आतली जागा 56 च्या ऐवजी 82 लिटरच्या घरात गेली. पोर्ट आखूड झाला की ट्यूनिंग वर जातं. मोठी जागा ते थोडं खाली ओढते, पण लांबीच एवढी कापली तर हिशेब 43 हर्ट्झच्या आसपास येतो. पोर्टच्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली गेलं की आतल्या हवेचा कोनला असलेला आधार सुटतो. कोन मोकाट धावतो आणि कॉइल आपल्या जागेबाहेर पडते. माझा फिल्टर 28 ला होता, म्हणजे 28 ते 43 एवढा सगळा पट्टा माझा सब आधाराशिवाय चालत होता. मला मिळालेला बॉक्स मी सांगितलेला असता तर तो आजही धडधाकट वाजला असता.

कॉइल बदलून आणल्यावर त्याच बॉक्समध्ये सब बसवून, अगदी हळू आवाजात, एकेक टोन वाजवून व्हिडिओ काढला. ट्यूनिंगच्या टोनला कोन सगळ्यात कमी हलतो, कारण तिथे काम पोर्टची हवा करत असते. 33 ला कोन जोरात थरथरत होता. 43 ला जवळजवळ स्थिर. ही चाचणी फुकट आहे, दुकानातच दोन मिनिटांत होते, आणि तिच्यापुढे कुठलीही थाप चालत नाही.

मग बाकीचं सामान तपासलं. अ‍ॅम्पच्या खोक्यावर 3,000 वॅट, आणि तोंडी वचन 1,000 आरएमएसचं, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचं. अ‍ॅम्पच्या अंगावर फ्यूज एकच, 30 अँपिअरचा. गाडी चालू असताना व्होल्टेज 13.8 धरा. 30 गुणिले 13.8, म्हणजे 414 वॅट. सलग एवढेच आत जाऊ शकतात, आणि बाहेर पडताना त्यातलेही काही उष्णतेत जातात. खरे 1,000 हवे असतील तर चांगल्या क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या) अ‍ॅम्पलाही 90 अँपिअरच्या आसपास ओढावे लागतात. अ‍ॅम्प घेताना खोका बाजूला ठेवा आणि फ्यूज वाचा. वायर शुद्ध तांब्याची म्हणून दिलेली. एक तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. अशी वायर त्याच जाडीत कमी करंट वाहते आणि जास्त तापते, गाडीत हा नुसता पैशाचा प्रश्न राहत नाही. त्यावर त्याने बॅटरीजवळचा फ्यूजही बसवला नव्हता. तो बॅटरीपासून जितका जवळ तितका चांगला, हे कुठल्याही फिटरला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

दुकानात परत गेलो तर "दादा" संपलं आणि "ओ साहेब, पावती दाखवा" सुरू झालं.

आणि आता यंत्रणा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "वस्तू मिळाली ना?" मिळाली. "मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी ड्रॉइंग दाखवलं, मेसेज दाखवला, भुशाचा तुकडा टेबलावर ठेवला. एक माल कबूल करून पैसे घ्यायचे आणि जाणूनबुजून दुसराच झाकून द्यायचा, याला फसवणूक म्हणत नसतील तर भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 कशासाठी आहे? समोरच्याने ड्रॉइंगकडे पाहिलंही नाही. उलट मलाच विचारलं, "अहो, एवढा आवाज कशाला पाहिजे होता गाडीत? तुमच्यावरच केस होईल." बाकावर बसलेले लोक हसले. पैसे माझे गेले, सब माझा जळाला, आणि मान खाली घालून बाहेर पडायची वेळ माझ्यावर आली. म्हणजे ज्याचा छंद त्यांना पटत नाही त्याला कुणीही लुटावं? मी शेजाऱ्यांना त्रास द्यायला सब घेतला नव्हता. घेतला असता तरी 12 मिलिमीटरचा भुसा 18 चा एमडीएफ होत नाही.

तक्रार घ्यायला नकार दिला तर वाद घालत बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवा, पोच जपा. मी पाठवली आहे.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, आमचा संबंध नाही. फोनवरच्या तक्रार केंद्रात प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट, आणि शेवटी "बिल अपलोड करा." बिल नाही म्हणूनच तर सांगतोय की त्याने दिलं नाही! अ‍ॅम्पवर ज्या ब्रँडचं नाव आहे त्यांनी हा सीरियल नंबर आपला नसल्याचं तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हटलं, तर उत्तर नाही. म्हणजे त्यांच्या नावाने बनावट माल विकला जातोय आणि त्यांनाही त्याचं काही नाही.

शेवटी ग्राहक आयोगात स्वतःच तक्रार टाकली. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते, दुकान कुठेही असो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत 2 वर्षांची. वकील लागतोच असं नाही. मेसेज आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लावा, माझा अर्ज आधी त्याच त्रुटीवर परत आला होता. ही गोष्ट अर्ज घेतानाच सांगायला खिडकीवरच्या माणसाचं काय जात होतं? बॉक्स फेकू नका, दुरुस्तही करू नका. दोष तपासायला आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो. माझा तसाच गुंडाळून ठेवलाय.

बॉक्स बनवून घेणार असाल तर शेवटची फळी बंद व्हायच्या आधी स्वतः जाऊन बघा. जाणं जमत नसेल तर आतला पोर्ट, टेकू आणि फळीची जाडी मोजपट्टीसकट फोटोत मागा. फोटो आला नाही तर पुढचा रुपया द्यायचा नाही. ज्याने डिकीची मापं घेतली नाहीत, सबचे आकडे विचारले नाहीत आणि तरी भाव सांगितला, तो तयार ठेवलेला बॉक्स तुमच्या माथी मारणार आहे. कार्पेट घरी लावता येतं, कोरा बॉक्स मागा. वजनकाटा न्या.

आयोगाची नोटीस गेल्यावर परवा त्याचा निरोप आला, मधल्या माणसाकरवी: 10,000 घ्या, तक्रार मागे घ्या. नाही म्हणून कळवलं. 38,500 आणि कॉइलचे 4,600, एकूण 43,100, तेही पावतीवर सही करून. त्याच्या खाली मी तक्रार मागे घेणार नाही.