लो-कार्बचे नऊ महिने, भाकरीच्या घरात

संक्रांत झाली, तिळगुळाचे डबे रिकामे झाले आणि मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा परातीशेजारी आणून ठेवला. एका भाकरीला आपण किती पीठ घेतो हे वीस वर्षांच्या संसारात कधी मोजलं नव्हतं. ८५ ग्रॅम निघालं. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज (कर्बोदकं, म्हणजे पिठूळ-साखरेचा भाग) असतात, म्हणजे माझी एक भाकरी ६० ग्रॅमची. दुपारी डब्यात दोन, रात्री दीड. वर वाटीभर भात, दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा, सकाळचे पोहे. बेरीज साडेतीनशेला पोचली. पतसंस्थेत दिवसभर लोकांची खाती जुळवते, पण हे खातं मी पहिल्यांदाच उघडलं.

तेव्हा वजन ८१.६ किलो, उंची पाच फूट दोन, वय ४६. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.३. साडेसहापासून मधुमेह धरतात, म्हणजे मी अगदी उंबऱ्यावर उभी होते. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २१८. आज, ऑक्टोबरात, वजन ७०.४ आहे आणि एचबीएवनसी ५.७. आकडे आधीच सांगून टाकते, कारण बरेच जण तेवढंच बघायला येतात. पण मधल्या नऊ महिन्यांत जे झालं ते आकड्यात दिसत नाही.

मी किटो केलं नाही. किटोत दिवसाचे कार्ब्ज २० ते ५० ग्रॅमवर आणतात. साधारण १३० च्या आत राहिलं की लो-कार्ब म्हणतात. मी शंभरावर निशाणा धरला, प्रत्यक्षात ११०-१२० व्हायचे. ऑफिसात पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "दीक्षित करताय काय?" डॉ. दीक्षितांचं डाएट वेगळं. त्यात दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवायचं. मी तीनदा खात होते, फक्त ताटातली भाकरी-भाताची जागा दुसऱ्या कशाला तरी देत होते. हे महिनाभर समजावून सांगितलं आणि मग "हो, तेच करतोय" म्हणायला लागले. डोक्याला शांती मिळाली.

पहिल्या आठवड्यात २.४ किलो उतरले. मी हवेत. नंतर कळलं की त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त. शरीर ग्लायकोजेन म्हणून जी साखर साठवून ठेवतं, तिच्या एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून चौथ्या दिवशी डोकं असं धरलं की कॉम्प्युटरवरचे आकडे नाचायला लागले. मीठ घातलेलं ताक दोन ग्लास प्यायले, तासाभरात उतार पडला. (ज्यांना बीपीची गोळी आहे त्यांनी हे माझं ऐकून मीठ वाढवू नये.) दुसरी तक्रार पोट साफ न होण्याची. ती पालेभाजी दुप्पट केल्यावरच गेली. मेथी, पोकळा, शेपू, जे मिळेल ते.

आता खरा मुद्दा. मी कोल्हापूरची म्हटल्यावर पाहुण्यांना वाटतं, हिला काय, तांबडा-पांढरा ओरपायचा आणि बारीक व्हायचं. खरंच, मटणाचं ताट लो-कार्बला फार सोयीचं आहे. सुकं मटण, तांबडा रस्सा, अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी), सगळं चालतं. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, तीळ, खसखस, थोडे काजू. कार्ब्ज किरकोळ, मात्र कॅलरी भरपूर, म्हणून तिसरी वाटी नाही. भाकरी नाही घेतली तरी पोट टम्म. पण आमच्या घरात मटणाला वार किती ते मोजा. सोमवार महादेवाचा. मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचे. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. सासूबाईंच्या राज्यात अंडंही त्याच दोन दिवशी. त्यात मटणाचा दर. दरावरून २०१९ मध्ये आंदोलन केलेलं गाव आहे हे, आठवड्यातून दोनदा मटण म्हणजे पगाराला भोक. म्हणजे लो-कार्बचे सगळे सुंदर फोटो माझ्या आठवड्यात दोन दिवसांना लागू. बाकी पाच दिवस काय खायचं, हे मला कुणी सांगितलं नाही.

एका ऑनलाइन कोचला मी तीन महिन्यांचे पैसे भरले होते. त्यांच्या तक्त्यात सोमवारी सकाळी तीन अंडी. सोमवार सांगितल्यावर उत्तर आलं, "मग ॲव्होकॅडो घ्या." दुसऱ्या महिन्यात त्यांची पावडर घ्यायचा लकडा लागला, तेव्हा मी गप्प बसले. पैसे गेले ते गेले.

पाच दिवसांचा रस्ता मीच चाचपडत काढला. उसळीत प्रोटीन आहे तसे कार्ब्जही आहेत, पण उसळ भाजीसारखी चार चमचे न घेता वाटीभर घेतली आणि भाकरी एकावर आणली की हिशेब बसतो. झुणक्याचंही तसंच. ४० ग्रॅम बेसनात वीस-बावीस ग्रॅम कार्ब्ज येतात, म्हणून झुणका खायचा तर तोच भाकरी समजायचा, झुणका-भाकर ही जोडी फोडायची. (हे वाक्य लिहिताना मला पाप लागल्यासारखं वाटतंय.) पनीर घरीच, म्हशीच्या दुधाचं. शंभर ग्रॅमला १८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. घट्ट दही. वांगं, दोडका, ढबू मिरची, कोबी, फ्लॉवर. तोंडी लावायला खर्डा आणि दही, ते तर आपल्याकडे आहेच. शेंगदाण्यांनी मात्र मला फसवलं. 'लो-कार्ब' म्हणून डबा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मार्चमध्ये तीन आठवडे काटा हलला नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. आता मूठभर मोजून डबीत नेते, डबा घरी.

बाजारचं 'किटो आटा' नावाचं पीठ एकदा आणलं. साध्या पिठाच्या सात-आठ पट दर. पोळी अशी झाली की चिरंजीव म्हणाले, "आई, ही सायकलच्या पंक्चरला वापरूया." उरलेलं कुणालाच देता आलं नाही.

भाकरीपेक्षा चहा अवघड गेला. भाकरी घरात असते, चहा सगळीकडे असतो. ग्राहक आला चहा, ऑडिट आलं चहा, कुणाकडं हळदीकुंकवाला गेलं की चहा. "बिनसाखरेचा" म्हटलं की समोरची बाई आधी घाबरते, "शुगर निघाली काय वैनी?" मग काळजीनं जवळ बसते. साखरेवरून मी एक चमचा, मग अर्धा, मग काहीच नाही, अशी सहा आठवड्यांत उतरले. आज साखरेचा चहा पाकासारखा लागतो. या एका बदलाचे दिवसाला ४० ग्रॅम वाचले. कुणी मला सगळ्यात आधी काय करू विचारलं, तर भाकरीला हात लावू नका, चहा बघा, असंच सांगेन.

मिसळ मी सोडलेली नाही. महिन्यातून एकदा. ब्रेड नाही, फरसाण निम्मं, मटकी जास्त आणि वर कट. पहिल्यांदा असं सांगितलं तेव्हा वेटरनं मालकाकडं बघितलं, मालकानं माझ्याकडं. "ब्रेड परत करताय, कमी पडला म्हणून भांडणारे येतात आमच्याकडं," म्हणाले आणि कट स्वतः आणून ओतला.

आता गंभीर गोष्ट, हा भाग घाईत वाचू नका. माझं बघून फेब्रुवारीत यजमानांनीही भाकरी निम्मी केली. त्यांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू. गोळी तीच, भाकरी निम्मी. पाचव्या दिवशी दुपारी चारला गाडी लावून घरात आले ते घामानं निथळत, हात थरथरत, आणि मी काय विचारतेय ते त्यांना कळेना. मशीनवर साखर ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, ८४ झाली, मग अर्धी भाकरी दह्याबरोबर खायला दिली. ती गोळी पोटात जेवण किती गेलंय ते बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावते. डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला आणि आम्हाला बोलणीही खावी लागली. आधी विचारायला हवं होतं, दुसरं काय. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर स्वतःच्या मनानं हे सुरूच करू नये. आणि मधुमेहाच्याच डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असणाऱ्यांना कार्ब्ज एकदम तोडले तर साखर वाढलेली नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितलं.

माझ्याही रिपोर्टात सगळं गोड नव्हतं. चौथ्या महिन्यात ट्रायग्लिसराइड्स १३१ वर आले, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११२ वरून १४८. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. 'फॅट चालतं' म्हणून मी लोणी आणि खोबऱ्यावर ताव मारत होते. त्यातच चैत्रात जोतिबाहून आलेलं प्रसादाचं खोबरं आठवडाभर येता-जाता तोंडात. लोणी कमी केलं, पांढरा रस्सा एका वाटीवर आणला, पालेभाजी वाढवली, आता १२१ आहे. केस मात्र एप्रिल-मेमध्ये मुठीनं गेले. वजन झपाट्यानं उतरलं की असं होतं, काही महिन्यांनी थांबतं, असं सांगितलं होतं. थांबलं, पण वेणी बारीक झाली ती झालीच.

चुलतभावाच्या मुलीनं, ती आहारशास्त्र शिकते, मला दोन गोष्टी ऐकवल्या. एक, हे मोबाईलवरचं नवं खूळ नाही. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या माणसानं १८६३ मध्येच पाव, साखर, बटाटा सोडून वजन उतरवलं आणि त्यावर पुस्तिका छापली होती. दुसरी गोष्ट जरा जमिनीवर आणणारी. स्टॅनफर्डमध्ये ६०९ लोकांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात (तो २०१८ साली छापून आला) लो-कार्बवाले आणि लो-फॅटवाले यांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं, सरासरी पाच-सहा किलो. दोन्हींकडं काहींचं खूप उतरलं, काहींचं वाढलंसुद्धा. म्हणजे लो-कार्बमध्ये जादू नाही. मला ते लागू पडलं, कारण माझं जास्तीचं खाणं नेमकं भाकरी, भात आणि चहातच होतं. तळणाचा नाद असलेल्या बाईला वेगळा रस्ता लागेल.

श्रावणात मी घसरले. बुधवार-रविवारही गेले, सोमवारचे उपास आले. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, भगर, बटाटा तसलेच, आणि एकादशी दुप्पट खाशी हे काय उगीच म्हणत नाहीत. त्यात पावसानं रंकाळा तळ्यावरची चालायची फेरी बंद. तेव्हा सगळं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. मी फ्रिजवर तशीच पाटी लावली : इशारा ७२, धोका ७४. श्रावणभर पाणी इशाऱ्याच्या वर होतं. नवरात्राचे नऊ दिवस काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, ताक, पनीर आणि रताळ्याच्या दोन फोडींवर काढले, तेव्हा उतरलं.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. पहिले दोन महिने त्या माझ्या ताटाकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "भाकरी न्हाई म्हंजे जेवलीसच न्हाईस." मी रागावून उत्तर द्यायचे, मग त्या दोन घास कमी खायच्या, मग दोघी उपाशी. मे महिन्यात एका रात्री त्या भाकऱ्या थापत होत्या. शेवटचा उंडा त्यांनी चिमटीनं तोडला, निम्मा परत पिठात टाकला आणि उरलेल्याची चानकी थापली, लहान पोरांना करतात तशी. तव्यावर पाणी फिरवलं, उलटली, आरावर टेकवली, टम्म फुगली. माझ्या ताटात टाकून म्हणाल्या, "ही आख्खी हाय. आता भाकरी खाल्ली न्हाई म्हणू नगंस." ४० ग्रॅम पीठ. तेव्हापासून दोन्ही वेळेला चानकी.

खर्चाचं म्हणाल तर महिन्याला हजार-बाराशे जास्त जातात, दूध-पनीर आणि अंड्यांपायी. तांदूळ-साखर कमी लागते, पण ती बचत फार नाही. वजन नवरात्रापासून सत्तरच्या आसपास अडकलंय. मनात ६५ होतं. आता त्यासाठी भाकरी आणखी कापणार नाही, रंकाळ्याला एक फेरी वाढवून बघते.

काल सासूबाईंनी चकलीची भाजणी दळून आणली. मी सवयीनं एक चकली काट्यावर ठेवली आणि दिवसाला तीन असं जाहीर केलं. "मोजून खाल्लेलं अंगाला लागत न्हाई गं," त्या म्हणाल्या.

मग बरंच की, आई.